आकडा किती आला?

गेली दोन वर्षं आमच्या घरचा फोन वाजला की पलीकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आकडा किती आला?" पूर्वी लोक विचारायचे, "काय म्हणताय? बरं आहे ना सगळं?" आता ठाण्याची वहिनी असो, नाशिकचा भाचा असो, नाहीतर बंगळुरूचे आमचे चिरंजीव असोत, सगळ्यांना आधी आकडा हवा असतो. हा आकडा सोन्याच्या भावाचा नाही आणि मटक्याचाही नाही! सौ.च्या रक्तातल्या 'एनटी-प्रोबीएनपी' नावाच्या पदार्थाचा हा आकडा. फोन करणारी बरीचशी मंडळी इथलं लिखाण वाचतात, म्हणून म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. रागावू मात्र नका. या प्रकरणातला पहिला अपराधी मीच आहे, ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी सौ.ला खोकला आणि धाप सुरू झाली. पावसाळ्याचे दिवस. कफ असेल, हवा बाधली असेल, असं म्हणत दीड महिना खोकल्याची औषधं झाली. मग एक दिवस आमचा दोन मजल्यांचा जिना चढताना ती तीनदा थांबली आणि रात्री आडवं पडता येईना. तेव्हा एका डॉक्टरांनी रक्ताची ही तपासणी करायला सांगितली. आकडा आला ५४००. लगोलग टू-डी इको झाला. हृदयाचं पंपिंग ३० टक्के. डॉक्टर म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे."

आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' याचा अर्थ माणूस गेला, असाच होतो. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. मग डॉक्टरांनी समजावलं की हृदय बंद पडलेलं नाही. शरीराला लागतं तेवढं रक्त ते जोरात पुढे ढकलू शकत नाही, म्हणून मागे पाणी साठतं. पायावर सूज येते, फुफ्फुसात पाणी होतं, धाप लागते. आयुष्यभर निकालपत्रकं भरलेल्या मला ते असं समजलं, की हृदय नापास नाही, त्याला एटीकेटी मिळाली आहे. वर्ग पुढे चालू, पण अभ्यास रोजचा.

आता हा पदार्थ काय, ते सांगतो. १९८१ पर्यंत हृदय म्हणजे नुसता पंप, असंच समजत. त्या वर्षी कॅनडात अडोल्फो द बोल्ड या शास्त्रज्ञाने उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांना भराभर लघवी झाली आणि तिच्यातून मीठही भरपूर गेलं. म्हणजे हृदय मूत्रपिंडांना निरोप पाठवतं! पुढे १९८८ मध्ये जपानमध्ये मात्सुओ, कांगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असाच एक पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणून त्याच्या नावात 'ब्रेन' आला आणि तोच बीएनपीमधला 'बी'. नंतर कळलं, की तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतच तयार होतो. पण नाव पडलं ते पडलं. आमच्या शाळेतल्या एका 'बाळू'चं लग्न झालं, नातवंडं झाली, तरी तो बाळूच आहे, तसं.

हृदयाच्या भिंतींवर ताण आला की १०८ दुव्यांची एक साखळी तयार होते आणि तिचे दोन तुकडे पडतात. ३२ दुव्यांचा तुकडा म्हणजे बीएनपी, हा काम करतो. मीठ-पाणी बाहेर टाका, रक्तवाहिन्या सैल करा, असं सांगतो. ७६ दुव्यांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. हा रिकामटेकडा, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला बरा. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! एवढंसं काहीतरी मोजून आत काय चाललंय ते सांगता येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

तेव्हा मी या तपासणीच्या विरोधात आहे असा गैरसमज नको. धाप हृदयामुळे आहे की छातीमुळे, हे ओळखायला ती फार मोलाची आहे. २००२ साली तातडीच्या विभागात धाप घेऊन आलेल्या १५८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीएनपी १०० च्या वर की खाली, एवढ्यावरून सुमारे ८३ टक्के वेळा निदान बरोबर आलं. एनटी-प्रोबीएनपीचं माप वेगळं. एकदम धाप लागून आलेल्या माणसात तो ३०० च्या खाली असेल, तर कारण बहुतेक दुसरीकडेच शोधावं. ही तपासणी दीड महिना आधी झाली असती, तर सौ.चे तेवढे दिवस वाचले असते.

माझं भांडण आहे ते त्यानंतरच्या गोष्टीशी. निदान झालं, औषधं सुरू झाली, आकडा उतरू लागला. मग आमच्या चिरंजीवांनी संगणकावर एक तक्ता केला. माझ्या अंगातला मास्तर जागा झाला. दर महिन्याला तपासणी! दर वेळी दोन-अडीच हजार रुपये. धानोरी रस्त्यावरच्या लॅबमधला मुलगा मला पाहिलं की न विचारताच फॉर्म भरू लागला. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं का? नाही. आम्हीच करत होतो. आकडा उतरला की घरात पेढे, चढला की सुतक. आणि सौ. बिचारी निकालाच्या दिवशी परीक्षेला बसलेल्या पोरासारखी माझ्या तोंडाकडे बघायची.

मागच्या उन्हाळ्यात फेब्रुवारीतल्या १८५० चे १४२० झाले. मी सगळ्यांना फोन केले. चारच दिवसांनी नाशिकला लग्न होतं, "आता काही काळजी नाही" म्हणून आम्ही गेलो. दोन दिवस पापड, मठ्ठा, लोणचं, पंगतीतला आग्रह. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, चपला घट्ट होतायत." मी म्हणालो, "उन्हाने असेल. रिपोर्ट तर चांगला आलाय की!" पुढच्या दिवशी एकाऐवजी दोन उशा लागल्या. मी पुन्हा तेच. वजनकाटा पलंगाखाली धूळ खात पडला होता. शुक्रवारी पहाटे अडीचला ती उठून बसली आणि श्वासच पुरेना. रिक्षा मिळेपर्यंतची ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही.

रुग्णालयात वजन केलं, तर जाण्याआधीच्या वजनापेक्षा सव्वातीन किलो जास्त. एनटी-प्रोबीएनपी ६२००. सहा दिवसांनी घरी सोडलं तेव्हा २३००. तिथे एका संध्याकाळी तिने हळूच सांगितलं, की जाता-येता प्रवासात आणि लग्नघरीसुद्धा तिने पाण्याची गोळी घेतलीच नव्हती. "गाडीत दर अर्ध्या तासाला कुठे जायचं? आणि पाहुण्यांच्या घरी एकच संडास." ही गोष्ट जगातल्या कुठल्या रक्ततपासणीत येणार होती? ती विचारायला हवी होती. मी तीन महिने तिला आकडा सांगत होतो, तिला विचारत काहीच नव्हतो.

तेव्हा डॉक्टरांना मी म्हणालो, "अहो, पण आकडा तर १४२० होता!" ते म्हणाले, "काका, तो त्या सकाळचा होता." मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि मला लाजच वाटली. हा आकडा तब्येतीत काही फरक नसतानाही वरखाली होत राहतो. साधारण ३० टक्क्यांच्या आतल्या बदलाला फार अर्थ लावायचा नसतो. १८५० चे १४२० म्हणजे २३ टक्के. शेकडेवारी जन्मभर शिकवलेल्या माणसाने त्यावर पेढे वाटले होते!

शिवाय या आकड्याला आणखी बऱ्याच गोष्टी हलवतात. वय वाढलं की तो चढतो. मूत्रपिंड कमजोर असलं की चढतो. नाडी अनियमित असली की चढतो. लठ्ठ माणसात उलट कमीच दिसतो. त्यामुळे टिंगरेनगरच्या अमक्या काकांचा ४०० आणि आमच्या हिचा १४००, ही तुलना निरर्थक आहे. आणि बीएनपी व एनटी-प्रोबीएनपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, एकीचा आकडा दुसरीशेजारी लिहू नये. सॅक्युबिट्रिल-वालसार्टन नावाची जी जोडगोळी हल्ली देतात, तिच्यामुळे तर बीएनपी चढू शकतो, कारण त्याला तोडणारं विकरच ती अडवते. म्हणून ती गोळी चालू असताना एनटी-प्रोबीएनपी बघणं बरं.

चिरंजीवांचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. तो म्हणतो, "बाबा, आई कधी खरं सांगते का? काही विचारलं की 'मला काही होत नाही' म्हणते. रक्त खोटं बोलत नाही." यात तथ्य आहे. आकडा चढा राहणाऱ्यांचा धोका जास्त असतो, हेही खरं. मग आकडा औषधांनी खाली आणला, तर धोका कमी होईल, असं कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटलं, आणि त्यांनी ते तपासून पाहिलं.

२००० साली न्यूझीलंडमध्ये ६९ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला, त्यात आकडा बघून औषधं दिलेल्यांची तब्येत जास्त सुधारली. मग मोठे प्रयोग झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'टाइम-सीएचएफ'मध्ये साठीपुढचे ४९९ रुग्ण होते. पंच्याहत्तरीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना दिसला नाही. आणि २०१७ साली अमेरिका-कॅनडातल्या 'गाइड-आयटी'चे निष्कर्ष आले. एका गटात एनटी-प्रोबीएनपी १००० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवून औषधं, दुसऱ्या गटात नेहमीसारखी चांगली देखभाल. ८९४ रुग्ण घेऊन झाल्यावर प्रयोग मध्येच थांबवला, कारण फरकच पडत नव्हता. दोन्ही गटांत ३७ टक्के लोकांना पुन्हा रुग्णालयात भरती व्हावं लागलं किंवा हृदयविकाराने मृत्यू आला.

मला यातून समजलं ते असं. दोन्ही गटांतल्या लोकांना औषधं जवळजवळ सारखीच मिळाली होती. म्हणजे गुण औषधांचा आणि देखभालीचा, आकड्याचा नव्हे. इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात या चाचणीचा औषधं बसवण्यासाठी वापर मर्यादितच ठेवला. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वय पंच्याहत्तरच्या आत, पंपिंग कमी आणि मूत्रपिंडं चांगली असतील तरच विचार करावा. आमची सौ. शहात्तरची, आणि तिचं क्रिएटिनिनही वाढलेलं. दोन्ही अटींत ती बसत नाही.

मी डॉक्टरांना हट्टाने विचारलं होतं, "१००० च्या खाली का नाही आणत?" त्यांचं उत्तर माझ्या वहीत लिहून ठेवलंय. "काका, पाण्याची गोळी वाढवून आकडा थोडा खाली आणून दाखवतो तुम्हाला. पण मग काकूंना उठल्याबरोबर चक्कर येईल, किडनी कुरकुर करेल आणि एखाद दिवशी बाथरूममध्ये पडून खुबा मोडेल. चालेल?"

म्हणजे ही तपासणी पुन्हा करूच नये का? तसंही नाही. २०२२ साली 'स्ट्राँग-एचएफ' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, १०७८ रुग्णांचा. रुग्णालयातून सोडल्यावर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेपर्यंत न्यायची, आणि पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा पुन्हा तपासायचं: वजन, रक्तदाब, नाडी, मूत्रपिंड, पोटॅशियम, आणि त्यासोबत एनटी-प्रोबीएनपी. आकडा चढताना दिसला तर घाई आवरायची. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती, हे या गटात १५.२ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत २३.३ टक्के. इथे आकडा लक्ष्य नव्हता, रेल्वेच्या सिग्नलसारखा होता. सिग्नल बघायचा असतो, त्याच्या मागे धावायचं नसतं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. निदानाच्या वेळी ही तपासणी जरूर व्हावी. रुग्णालयातून सोडताना व्हावी, म्हणजे पुढे तुलनेला स्वतःचाच आकडा हाताशी राहतो. औषधं बदलताना किंवा तब्येतीत काही वेगळं दिसलं, तर डॉक्टरांनी सांगितल्यावर व्हावी. पण पगाराच्या तारखेसारखी दर महिन्याला, घरच्यांच्या समाधानासाठी, होऊ नये. वार्षिक परीक्षा वर्षातून एकदाच असते. रोज बघायची असते ती गृहपाठाची वही.

आमची वही आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आहे. दुधाच्या हिशेबाशेजारी रोज सकाळी, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावरचं वजन. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं, की डॉक्टरांना फोन. शेजारी छोट्या खुणा: पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतो का, उशा किती, जिना चढताना किती वेळा थांबली, गोळ्या घेतल्या का. आणि रक्ताच्या त्या साध्या, स्वस्त तपासण्या – क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन – डॉक्टर सांगतील तेव्हा वेळेवर. त्यांच्यामुळे गोळ्यांची मात्रा खरोखर बदलते. त्यांचा निकाल मात्र फोनवर कुणी विचारत नाही!

आणखी एक गोष्ट मनात टोचते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांनी २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरच्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली. पंपिंग कमी असलेल्यांपैकी घरी जाताना शास्त्राने सांगितलेली सगळी औषधं मिळाली होती ती चौघांतल्या जेमतेम एकाला. पुढे देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिथेही हे प्रमाण निम्म्याच्या आतच. सरासरी वय साठीच्या आसपास, आणि भरती झाल्यापासून ९० दिवसांत १४ टक्के माणसं गेलेली. मी वर्षभरात आकड्यामागे पंचवीस-तीस हजार रुपये घातले. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला धाप लागते, त्याची ही तपासणी एकदाही झालेली नव्हती. गेल्या महिन्यात आम्ही ती करून दिली. हा काही मोठेपणा नव्हे, जिथे तिची खरी गरज होती तिथे ती झाली, एवढंच. पण हे कुणा मास्तरच्या मर्जीवर का असावं? निदानापुरती तरी ही तपासणी प्रत्येक सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळावी, असं मला वाटतं. आणि त्यानंतरचा पैसा आधी गोळ्यांवर जावा.

आता नातेवाईकांसाठी. तुमची माया मला कळते. लांब असलं की हातात धरायला काहीतरी नेमकं हवं असतं, आणि आकडा नेमका असतो. पण यापुढे फोन केलात, तर मला विचारू नका, तिलाच विचारा. "मामी, काल झोप कशी लागली? उशा किती घेतल्या? आज कुठपर्यंत चालून आलात? गोळ्या घेतल्या का, की कुठे जायचं म्हणून बुडवल्या?" ती "मला काही होत नाही" म्हणेलच. तेव्हा फोन ठेवू नका, आणखी दोन मिनिटं बोला. बोलताना वाक्य मध्येच तुटतंय का, ते ऐका. बंगळुरूहूनही ते ऐकू येतं.

दर वर्षी ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे आमच्या विश्रांतवाडीतून पुण्याकडे जाते. लग्न झाल्यापासून सौ. रस्त्याच्या कडेला उभी राहून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू देते. मागच्या वर्षी, त्या रुग्णालयाच्या फेरीनंतर, ती खुर्चीवर बसून देत होती. दोन तास बसली, मध्ये एकदाही धाप लागली नाही, आणि घरी येताना जिन्यात एकदाच थांबली. त्या दिवशी मी कालनिर्णयवर वजनाखाली लिहिलं, 'लाडू – २००'. एनटी-प्रोबीएनपी त्या महिन्यात केला नव्हता.

ता. क. – हे सगळं सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पापड मी दोनच खाल्ले होते." नाशिककरांनी कृपया खरं काय ते कळवावं.